कासमचाचांची वीत

सरकारी आवक-नोंदवहीत मी जन्मभर पत्रं, अर्ज, तारा आणि परिपत्रकं चढवली. जिवंत प्राणी एकदाच चढवले. ती नोंद अशी होती: ‘माळी कासम यांचा खुलासा. सोबत बरणी एक, झाकणाला भोकं असलेली.’ बरणीत माती होती आणि मातीत अकरा अळ्या. कागद मात्र नव्हता. खुलासा म्हणजे कागदच असला पाहिजे असं नियमात कुठे म्हटलं आहे का, ते मी शोधलं. म्हटलेलं नव्हतं.

कासमचाचा आमच्या साहेबांच्या बंगल्यावर हेडमाळी होते. हेड एवढ्याचसाठी, की त्यांच्या हाताखाली आणखी अर्धा माळी होता. अर्धा, कारण दुपारनंतर तो बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरात नारळ खवायचा. खात्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. खातं अजून चालू आहे आणि माझ्या हयातीच्या दाखल्यावर सही त्याचीच लागते. कचेरी बंगल्याच्या आवारातच होती. माझं टेबल खिडकीपाशी, आणि खिडकीसमोर हिरवळ. पन्नासच्या दशकातली माझी सगळी वर्षं त्या हिरवळीकडे बघण्यात गेली. सरकारी कामाला त्यातून उरलेला वेळ मिळाला.

रत्नागिरीत हिरवळ ही गोष्टच मुळात उद्धटपणाची. खाली सगळा जांभा. भोपळ्याची वेल लावायची तरी पहार लागते. पण कुणा इंग्रज साहेबाला चहा पिताना पायाखाली विलायत हवी होती. म्हणून खाडीकाठची माती बैलगाड्यांनी चढण चढवून आणली आणि कातळावर हातभर थर पसरला. त्यावर बोटीने आलेलं विलायती बी टाकलं. ते एका पावसात कुजलं. मग कुणा शहाण्या माळ्याने गुपचूप हरळी लावली. साहेबाला फरक कळला नाही. त्याने विलायतेला पत्रातून कळवलंही असेल, की आपलं गवत इकडे छान रुजतं. पुढे इंग्रज गेले. हिरवळ राहिली, पंधरा ऑगस्टच्या झेंड्यानंतरचा हिरवळीवरचा चहाही राहिला. स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद आम्ही ज्यांच्यापासून मिळालं त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच कपबशांतून साजरा करत होतो.

कासमचाचा राजिवड्याचे. तरुणपणी वीसेक वर्षं बोटीवर खलाशी होते. बसरा, मोंबासा बघून आले होते. मग गुडघा दुखावला आणि दर्या सुटला. उंच, वाळलेले, दाढी पांढरी, पायात कधी काही नाही. बागेतली प्रत्येक गोष्ट ते खलाशी गाठींनी बांधत. त्यांनी बांधलेला मांडव वादळात उडाला नाही, पण नंतर सोडवताही आला नाही. बदलून येणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते ‘पाव्हणा’ म्हणत, अर्थात पाठीमागे. “पाव्हणा तीन वर्षांचा, हरळी कायमची,” हे त्यांचं राज्यशास्त्र. त्याला खोटं ठरवणारा पुरावा मला नोकरीभर सापडला नाही.

मोजायचं सगळं ते वितीने मोजत. नाझर, म्हणजे बंगल्याचं सामानसुमान बघणारा आमचा कारकून, एकदा त्यांना म्हणाला, “चाचा, आता फुटात मोजायला शिका. सरकारी माप आहे.”

“फूट म्हणजे कुठल्या गोऱ्या राजाचा पाय, असां मना कप्तानाने सांगितलां,” चाचा म्हणाले. “त्याच्या पायापेक्षा माझा हात बरा.”

त्या हरळीचा गावाला एक उपयोग होता, आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. हरळी म्हणजेच दुर्वा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी बंगल्याचं मागलं फाटक उघडायचं आणि चाचा गोणपाटावर बसायचे. तीन पात्यांचे कोवळे शेंडे निवडून, एकवीस-एकवीसची जुडी करून, केळीच्या सोपाने बांधून देत बसायचे. अर्धं गाव तिथून दुर्वा न्यायचं. पावसात कातळावर उगवणारं गवत खरखरीत. इथली हरळी कापून कापून मऊ झालेली. एका नव्या मास्तरांनी घुटमळत विचारलं होतं, “तुमच्या हातच्या... म्हणजे... देवाला...”

“धुवून घ्या मास्तर,” चाचा म्हणाले. “चिखल माझा नाय, सरकारचा हाय.”

मास्तर दोन जुड्या घेऊन गेले.

मी सांगतो त्या वर्षीचे आमचे साहेब टापटिपीचे होते. आल्या आल्या त्यांनी हिरवळीच्या चारही कोपऱ्यांत पाट्या लावल्या: ‘हिरवळीवर चालू नये.’ दुसऱ्या दिवशी चाचा नेहमीसारखे अनवाणी, मधोमध, सावकाश चालत होते. साहेब व्हरांड्यात आले.

“वाचता येतं ना?”

“येतां सायेब.”

“मग चालताय कशाला?”

“चालत नाय. बघतंय.”

“पायाने?”

“बोटीवर खाली पाणी किती हाय तां डोळ्याने दिसत नाय सायेब. शिसां सोडून बघतात. माझ्याकडे पाय हायत.”

 साहेब नाझरावर रागावले.

श्रावणात हिरवळीवर पिवळे डाग पडू लागले. आधी तळहाताएवढे, आठवड्यात पाटाएवढे, मग चटईएवढे. पंधरा ऑगस्टला एक नामदार चहाला येणार होते, त्यामुळे डागांवर वरिष्ठ पातळीवर विचार सुरू झाला. साहेबांचं मत पडलं की माळी पाणी कमी घालतो. दोन महिने कोकणातला पाऊस कोसळत होता आणि माझ्या खिडकीतून छत्रीशिवाय हिरवळ दिसत नव्हती, तरी हे मत लेखी नोंदलं गेलं. नाझराला शेजारच्या गाईचा संशय होता. बाईसाहेबांनी मिरच्या ओवाळायला सांगितल्या.

चाचा डागावरून चालले. थांबले. मागे आले, पुन्हा चालले.

“गादीवानी लागतंय,” मला खिडकीतून म्हणाले. “या भाऊसायेब, बघा.”

मी गेलो, बूट हातात घेऊन. पायाखाली जमीन खरंच दबत होती. चाचा गुडघ्यावर बसले, दोन्ही मुठींत गवत धरलं आणि उचललं. ओढलं नाही, नुसतं उचललं. मांडी घालून बसलेला माणूस उठल्यावर आपण सतरंजी गोळा करतो, तशी हिरवळ गुंडाळत हातात आली. खाली मुळं नव्हतीच. होत्या त्या अळ्या: पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या, तपकिरी डोक्याच्या, चंद्रकोरीसारख्या वळून पडलेल्या. शेपटाकडे खाल्लेली माती कातडीतून काळी दिसत होती.

“हुमणी,” चाचा म्हणाले.

मग त्यांनी कोयत्याने वीत बाय वीत चौकोन कापला, माती उपसून बोटांनी चाळली आणि मोजलं. डागाच्या मध्ये चार निघाल्या. कडेला, जिथे गवत अजून हिरवं होतं, तिथे अकरा.

“मेलेल्या जागेत कमी कशा?” मी विचारलं.

“जेवण संपल्यावर पंगतीत कोण बसतो? डाग बघून काय कळत नाय. डागाच्या बाजूचां हिरवां बघायचां.” मग वीत हवेत धरून म्हणाले, “वितीत एक असला तर तो त्याचा वाटा. दोन असले तर नजर ठेव. पाच झाले की कप्तानाला उठव.”

कप्तानाला त्यांनी खरं तर आधीच उठवलं होतं. वळीव पडल्यावर, मे महिन्याच्या शेवटी, तिन्हीसांजेला काजूच्या झाडांवर भुंगेऱ्यांचे थवे घोंघावू लागले, तेव्हाच ते नाझराकडे गेले होते. झाडं हलवून भुंगेरे पाडायचे आणि घासलेटच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे ते जमिनीत हुमणीची अंडी घालत नाहीत. त्यासाठी दोन बाटल्या घासलेट मागितलं होतं. नाझराने शेरा मारला, ‘माळ्यास घासलेटचे प्रयोजन काय, ते स्पष्ट व्हावे.’ कागद पुढे गेला. भुंगेऱ्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. वर साहेबांनी हिरवळ गडद व्हावी म्हणून कच्चं शेण पसरवून घेतलं होतं. चाचा तेव्हाही म्हणाले होते, “हे हुमणीला आवतण हाय.”

आता पुण्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांच्याबरोबर पावडरीचा पत्र्याचा डबा होता. तेरा तारखेला सकाळी पावडर टाकावी, पाणी मारावं, पंधराला खुर्च्या मांडाव्यात. मेलेल्या डागांचं काय, याचा तोडगा नाझराने काढला: हिरवी रांगोळी. एका डागावर प्रयोगही झाला. लांबून छान दिसलं. मग सर आली आणि हिरवं पाणी ओघळत साहेबांच्या पायऱ्यांपर्यंत गेलं. तरीही हा प्रस्ताव नामंजूर झाला नाही. त्याला ‘पाऊस नसल्यास’ अशी पुस्ती जोडली गेली.

चाचांनी डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावलं.

“ही मी टाकणार नाय.”

“का?” साहेब.

“तीन हप्त्यांनी चतुर्थी हाय. गाव इथून दुर्वा नेतां.”

“मग यंदा नेऊ नका म्हणावं. फाटकावर पाटी लावा.”

“माणसां पाटी वाचतील सायेब. निर्माल्य गाईला घालतात. गाय वाचते? पोराचा घोळणा फुटला की हाच रस नाकात पिळतात. मागल्या साली एका बागाइतदाराने ही पावडर माडांच्या बुडात टाकली. हुमणी मेली. तिला खाऊन त्याच्या कोंबड्या मेल्या.”

“तुम्ही तज्ज्ञ आहात का?”

“नाय. म्हणून तर कोंबड्या मोजल्या.”

‘आज्ञाभंगाबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल,’ असा मेमो निघाला. चाचांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती पुरी झाली तर पेन्शन, नाहीतर काही नाही. मी त्यांना गाठून म्हटलं, “चाचा, दोनच वर्षं. टाकून टाका पावडर. आज्ञा साहेबांची, पाप साहेबांचं.”

“चतुर्थीला फाटकावर जुड्या बांधायला कोण बसतो? सायेब?”

“तुम्ही.”

“मग?” एवढंच म्हणून ते गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बरणी आली. मी ती आवक करून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, अळ्यांनी साहेबांकडे. साहेबांनी नजर आधी काढली.

त्याच दिवसांत संध्याकाळी चाचा हिरवळीच्या कडेची चांगली हरळी मुळांसकट काढून ओल्या गोणपाटांत भरत होते. नाझराला वाटलं, डागांना ठिगळं लावायची तयारी चालली आहे. म्हणजे म्हातारा वठणीवर आला. तसं त्याने साहेबांना कळवलंही.

तेरा तारखेला उजाडता उजाडता पुढच्या फाटकातून बैलजोडी आत आली. शिरगावचा धोंडू, चाचांचा जुना दोस्त, नांगर घेऊन आला होता. भाताची लावणी संपून बैल मोकळे होते. मी कचेरीत पोचलो तेव्हा निम्मी हिरवळ उलटी झाली होती. नांगराचं तासामागून तास पडत होतं, लाल माती वर येत होती आणि मातीत पांढरं पांढरं वळवळत होतं. नांगरामागे कावळे होते, साळुंक्या होत्या, आणि बगळे तर एवढे की पाट्यांवरही जागा नव्हती. ‘हिरवळीवर चालू नये’वर एक बगळा पोट भरून एका पायावर उभा होता.

साहेब दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून व्हरांड्यात आले.

“कासम! हे काय चाललंय?”

“पावडर चाललीय सायेब,” चाचा बगळ्यांकडे हात करून म्हणाले. “ही गाईला चालते.”

“नांगर थांबवा! ताबडतोब थांबवा!”

धोंडूने चाचांकडे पाहिलं. चाचांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. “आता थांबून काय उपेग? अर्धी हिरवळ अर्ध्या शेतासारखी दिसेल. पुरी होऊं दे.”

आणि पुरी झाली. साहेब दारात उभे राहून बघत होते. शिपायांना त्यांनी हाक मारली, पण बैलांना आडवं जाण्याचं काम शिपायांच्या नेमणूकपत्रात नव्हतं.

पंधराला झेंडा झाला. नामदार बंगल्यावर आले, आणि नांगरटीच्या लाल तासांच्या कडेला उभे राहताच त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“वा! बंगल्याच्या हिरवळीवर नांगर! अधिक धान्य पिकवा, पिकवा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो; करून दाखवणारा अधिकारी आज भेटला!”

साहेबांना सावरायला जेमतेम एक श्वास लागला. “आपल्याच भाषणातून स्फूर्ती घेतली साहेब,” ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात त्यांना बढती दिली. माझ्या लक्षात आलं की कासमचाचा वाचले. आता साहेबांना हा नांगर स्वतःचाच म्हणावा लागणार, आणि स्वतःच्या नांगराबद्दल कोणी माळ्याला काढत नाही.

नामदार चाचांकडे वळले. “काय बाबा, काय लावणार इथे?”

साहेब नामदारांच्या मागे उभे होते. त्यांचे डोळे काय सांगत होते ते मला खिडकीतून कळत होतं. नुसतं ‘नाचणी’ म्हणायचं होतं. तीन अक्षरं. त्यात दोन वर्षं नोकरी आणि पुढे जन्मभराची पेन्शन होती.

“हरळी,” चाचा म्हणाले.

“हरळी? अहो, शेतकरी ती उपटून बांधावर फेकतो!”

“शेतकरी फेकतो, सायेब लावतो. मी दोघांचांही बघितलांय. नांगर धान्यासाठी नाय घातला. हुमणी लागली होती, म्हणून घातला. आणि सायबांनी नाय सांगितलां. मीच घातला.”

नामदार मोठ्याने हसले आणि चहा कुठे आहे म्हणून विचारते झाले. चहा व्हरांड्यात झाला. साहेबांनी बिस्किटाला हात लावला नाही.

सोळा तारखेला हुकूम निघाला: ‘शासकीय हिरवळीची विनापरवाना नांगरट केल्याबद्दल कामावरून कमी.’ तो मी लिहिला. कचेरीत माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं. चाचांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, शांतपणे ऐकला, आणि सही केली.

“माझी बरणी?” त्यांनी विचारलं.

“ती दप्तरी दाखल झाली आहे चाचा. हुकुमाशिवाय परत देता येत नाही.”

“लोणच्याची होती हो,” ते म्हणाले. साऱ्या प्रकरणात त्यांच्या आवाजात खेद ऐकला तो एवढाच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मागलं फाटक बंद होतं. पण गाव सकाळीच राजिवड्याच्या वाटेला लागलं. गोणपाटातून नेलेली हरळी चाचांनी आपल्या परसात लावली होती, आणि आता विहिरीच्या काठावर ते जुड्या बांधत बसले होते. मी रांगेत होतो. माझ्या पुढे बंगल्यावरचा शिपाई होता, खाली मान घालून.

“कोणासाठी?” चाचांनी विचारलं.

“बाईसाहेबांनी... एकवीस...”

चाचांनी दोन जुड्या त्याच्या पिशवीत टाकल्या. “बेचाळीस ने. पाव्हण्यांचा गणपती हाय.”

पुढल्या वर्षी साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी हिरवळ पुन्हा उभी करायला सांगितलं, आणि नवा माळी राजिवड्याहूनच हरळीचे ठोंब घेऊन आला. जुने कागद निकालात काढताना बरणी माझ्या हाती लागली. अळ्यांची केव्हाच माती झाली होती. ‘सोबतची बरणी संबंधितास परत’ असा शेरा मी स्वतःच मारला. हुकुमाशिवाय मी नोकरीत केलेली ही एकमेव गोष्ट. ती धुतली आणि चाचांना निरोप पाठवला.

ते आले ते पुढच्या फाटकातून. गुडघा आता जास्तच धरला होता. पाट्या तशाच होत्या. चाचांनी एकीवरून नजर फिरवली आणि हिरवळीच्या मधोमध अनवाणी चालत निघाले. नवा माळी ओरडणार होता, मी खिडकीतून त्याला हातानेच गप्प केलं. मध्ये एका जागी चाचा थांबले. मागे आले. पुन्हा पाऊल टाकलं. मग कष्टाने खाली बसले, वीत टेकवली, कमरेची सुरी काढून चौकोन कापला आणि माती चाळू लागले.

मी बरणी घेऊन बाहेर गेलो. त्यांच्या तळहातावर एक पांढरी, जाडजूड अळी वळून पडली होती.

“पुन्हा लागली?” मी घाबरून विचारलं.

“पूर्ण वितीत एकच हाय.”

“मग मारा ना तिला.”

त्यांनी अळी परत खड्ड्यात ठेवली, वर हरळीचा चौकोन बसवला आणि तळव्याने दाबला. “एक असूं दे भाऊसायेब. एकाला कोण नांगर लावतां?”

मग बरणी उजेडात धरून झाकणाची भोकं बघितली, “आता लोणच्याला काय उपेगाची नाय,” म्हणाले, ती काखेत मारली, आणि जसे आले होते तसेच, पाट्यांच्या मधून, पुढच्या फाटकाने निघून गेले.